रोलरवर रबर चढवावे की पीयू?

भातगिरणी असो, सायझिंग असो की यंत्रमाग, रोलरवर, चाकावर किंवा बफरवर कोणता माल लावायचा हा प्रश्न कारखानदारास वर्षातून दोन-चार वेळा पडतोच. मुंबईच्या बाजारात गेले की दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते, "रबर सोडा, पीयू घ्या, चौपट चालेल." पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत खरेदीदाराला मोजावी लागते. नेरळ, भिवपुरी, कर्जत, खालापूर या पट्ट्यातल्या लहान कारखानदाराला ती जास्तच बसते. रोलर पुन्हा मढवायला पाठवायचा म्हणजे टेम्पोभाडे गेले आणि तेवढे दिवस यंत्रही बंद.

प्रथम एक गैरसमज दूर करावा. रबर हा एक जिन्नस नाही, ते एक मोठे खानदान आहे. झाडाच्या चिकापासून होणारे नैसर्गिक रबर आपल्याकडे मुख्यतः केरळातून येते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने त्यात गंधक घालून तापविण्याची रीत शोधली, तेव्हापासून ते उन्हात चिकट न होता टिकू लागले. पुढे कारखान्यात बनणारे नायट्राइल, निओप्रीन, ईपीडीएम, सिलिकॉन हे भाऊबंद आले. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पॉलियुरेथेनचा जन्म १९३७ सालचा, जर्मनीत ऑटो बायर व त्याच्या सहकाऱ्यांच्या हातून झाला. रबर कणकेसारखे मळून, काजळी व गंधक घालून वाफेवर शिजवतात. पीयू मात्र बहुधा दोन पातळ रसायने मिसळून साच्यात ओततात.

आता पीयूचे गुण. घासण्याने होणारी झीज सोसण्यात आणि चिरा न पडू देण्यात त्याची बरोबरी करणारे रबर क्वचितच. चांगल्या नैसर्गिक रबराची ताणशक्ती दर चौरस सेंटिमीटरला २०० ते २५० किलोच्या आसपास असते, चांगल्या पीयूची ३०० ते ५०० पर्यंत जाते. तेल-ग्रीस त्याला फारसे बाधत नाही. मालाच्या ट्रॉलीची चाके, वाळू-खडीच्या चाळण्या, प्रेसमधील गाद्या, शटलच्या मागावरील पिकर अशा ठिकाणी पीयूने चामडे व रबर यांची जागा घेतली, ती उगाच नव्हे.

पण त्याचे दोन दुश्मन आहेत, गरम पाणी आणि उष्णता. कोरड्या जागी साधारण ८० अंशांपर्यंत तो निभावतो, पुढे त्याची ताकद झपाट्याने उतरते. पाण्याची गोष्ट आणखी वाईट. पीयूच्या दोन मुख्य जाती आहेत, एस्टर आणि ईथर. एस्टर जात तेलाला व घासण्याला अधिक चिवट असते, मात्र पाणी तिच्या रेणूंची साखळीच तोडते. पाणी गरम असेल तर काम लवकर होते, दमट हवेत हळूहळू होते, इतकाच फरक. ईदसाठी म्हणून जपून ठेवलेला पीयू सोलचा बूट दोन-चार पावसाळ्यांनंतर पेटीतून काढला तर तळव्याचा भुगा हातात येतो. हा अनुभव कोकणात बहुतेक घरांत असेल. बूट वापरला नाही तरी सोल मरतो, कारण त्याला घासण्याने नव्हे, ओलाव्याने मारलेले असते. ईथर जात पाण्याला बरीच टिकते, पण दुकानात "पीयू" एवढेच सांगतात, जात कोणी सांगत नाही. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिवपुरीला डोंगरावरून आणलेल्या पाण्यावर १९२२ पासून टाटांचे वीजघर चालते आणि त्या विजेवर एके काळी मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. अशा मुलखात पीयूची जात विचारल्याशिवाय सौदा करू नये.

आमच्या कापडाच्या धंद्यातले उदाहरण देतो. सायझिंगमध्ये सूत ८०-९० अंश तापलेल्या खळीच्या पेटीतून जाते आणि रबर चढवलेला रोलर ते पिळून काढतो. तिथे "चौपट चालेल" म्हणून एस्टर पीयू चढवला तर तो आधी मऊ पडतो, मग चिकट होतो आणि शेवटी लोखंडापासून सुटतो. तिथे नायट्राइलसारखे रबरच योग्य. ब्लीचिंगमध्ये गरम पाणी व पेरॉक्साइड असेल तर ईपीडीएम. मात्र ईपीडीएमला तेलाचा हात लागला की ते फुगते. नैसर्गिक रबराचेही तसेच. मागाच्या तेलात चोवीस तास ठेवलेला तुकडा मोजून पाहावा, आकार वाढलेला दिसतो.

भातगिरणीचा मामला निराळा आहे. कर्जतकडे भात हेच मुख्य पीक, इथल्या संशोधन केंद्राच्या वाणांना तालुक्याचेच नाव आहे. रबर शेलरमध्ये दोन रोलर समोरासमोर उलट दिशेने फिरतात, एक दुसऱ्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने जलद. या फरकामुळे तूस सोलले जाते. जलद रोलर आधी झिजतो, त्याचा घेर कमी होतो आणि वेगातला फरकच नाहीसा होत जातो, म्हणून रोलरांची अदलाबदल करावी लागते. पुष्कळ गिरणीवाले ती न करता स्क्रू आवळत राहतात. दाब वाढला की रबर तापते, तापले की जलद झिजते, आणि कणी वाढते ती वेगळीच. मग दोष रबराला.

या रोलरसाठी पीयूही निघाला आहे. झिजेचा विचार केला तर तो रबराला मागे टाकावा. परंतु तूस सोलण्याचे काम मुळात पकडीवर चालते, आणि कडक, गुळगुळीत पृष्ठभागाला तीच पकड मिळवण्यासाठी जास्त दाब द्यावा लागतो. माझे मत असे की एक जोडी लावावी, एका हंगामात किती क्विंटल भरडले, कणी किती निघाली आणि वीज किती लागली हे वहीत लिहावे आणि मगच पुढचा सौदा करावा. रोलर जास्त दिवस चालला पण क्विंटलमागे दोन किलो कणी वाढली, तर तो स्वस्त कुठे पडला?

कडकपणा हाही फसवा आकडा आहे. तो शोअर ए या मापाने मोजतात. बोटाने दबणारे खोडरबर खालच्या आकड्यात, शेलरचा रोलर ८५-९० च्या घरात. पण ९० शोअरचे रबर आणि ९० शोअरचा पीयू एकच आकडा दाखवूनही सारखे वागत नाहीत. रबर इतके कडक करण्यासाठी त्यात पुष्कळ काजळी किंवा इतर भर घालावी लागते, त्याने उसळी जाते. पीयू त्या आकड्यालाही लवचिक राहतो. उलट सूतगिरणीत रोलरच्या रबरी कॉटला ६५ च्या आसपासचा मऊपणा मुद्दाम ठेवतात, कारण बारीक सुताचे तंतू मऊ कॉट नीट धरतो. तो लवकर झिजतो, पण सूत एकसारखे निघते. झीज वाचवायची की माल चांगला काढायचा, हे आधी ठरवावे लागते.

पीयूच्या चाकांबद्दल एक इशारा. जड वजनाखाली ती वेगाने आणि सतत पळवली तर उष्णता आतच कोंडते. वरून चाक साबूत दिसते आणि आतून लोखंडापासून सुटलेले असते.

रबरात खडूची भुकटी आणि जुन्या टायरचे रिक्लेम घालून वजन वाढवणे हा बाजारातला जुना रोग आहे. मालातला ऐब लपवून विकणे शरियतमध्ये नाजायज आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक असतेच. तरी घेणाऱ्याने बिलावर रबराची किंवा पीयूची जात, शोअरचा आकडा आणि बनवल्याची तारीख लिहून घ्यावी. सोबत त्याच मिश्रणाचा एक तुकडा मागावा. तो अर्धा तेलात आणि अर्धा गरम पाण्यात काही आठवडे ठेवून पाहावा. तुकडा जाळून वासावरून ओळखण्याची पद्धत मात्र सोडावी, जळत्या पीयूचा धूर विषारी असतो.

जे भाऊ स्वतः पीयू ओतण्याचे काम करतात किंवा करू इच्छितात, त्यांनी "मोका" नावाच्या पिवळसर दाण्यांपासून सावध राहावे. पीयू घट्ट करण्यासाठी ते वितळवून घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. ते कातडीतूनही शरीरात जाते, म्हणून तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. हातमोजे आणि धूर बाहेर ओढणारा पंखा हवाच. कमी घातक पर्यायी रसायने मिळतात, थोडी महाग पडतात.

शिल्लक रोलर पावसाळ्यात जमिनीवर लोळवून ठेवू नयेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांना लाकडी ठोकळ्यांवर आधार द्यावा, म्हणजे रबर एका जागी दबून चपटे होत नाही. आणि चालत्या मोटारीजवळ किंवा वेल्डिंगच्या जागी ठेवू नयेत, तिथल्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन नैसर्गिक रबराला आणि नायट्राइललाही बारीक तडे पाडतो.