आकाराचा लगाम

प्रखर लेझर झोत काचेतून वा हवेतून जाताना आपल्यासाठी आपणच भिंग घडवतो. जिथे तीव्रता जास्त, तिथे माध्यमाचा अपवर्तनांक किंचित वाढतो. झोताचा मध्य कडांपेक्षा मागे रेंगाळतो आणि सगळा झोत आत वळू लागतो; हेच स्वकेंद्रीकरण. गुर्गेन अस्कार्यान यांनी १९६२ साली ही शक्यता मांडली, १९६४ मध्ये चिआओ, गारमायर आणि टाउन्स यांनी तिचे गणित दिले. त्यातली मेख अशी, की झोत रुंद करून सुटका होत नाही. रुंदीबरोबर तीव्रता उतरते खरी, पण प्रकाशाची पसरण्याची ओढही तितकीच उतरते. म्हणून उंबरठा ठरतो एकूण शक्तीवर : काचेत काही मेगावॉट, हवेत काही गिगावॉट. त्यापलीकडे मध्यभागी उजळ आणि कडांना विरत जाणारा साधा झोत हाताबाहेर जातो. शक्ती वाढेल तसा त्याचा केंद्रबिंदू उगमाकडे सरकतो. शक्ती उंबरठ्याच्या कित्येक पट असली, तर झोतातले बारीक खाचखळगेच वाढत जाऊन त्याच्या चिंध्या करतात. बेस्पालोव्ह आणि तालानोव्ह यांनी हे १९६६ मध्येच दाखवले होते.

शक्ती कमी करणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण काम व्हायचे ते शक्तीनेच. लगाम घालायचा तो आकाराला, आणि तोही झोत निघण्याआधी. याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे वलयाकार एअरी झोत. एफ्रेमिडिस आणि क्रिस्टोडुलिडिस यांनी २०१० मध्ये तो सुचवला. एकात एक प्रकाशवलये, मध्ये अंधार. ही वलये वक्र मार्गाने आक्रसत जातात. केंद्र अगदी जवळ येईपर्यंत तीव्रता खालीच राहते आणि मग एकाएकी उसळते. हे भिंगाने होत नाही का? कमी शक्तीला बऱ्याच अंशी होते. पण क्रीटमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दिसले, की शक्ती वाढवूनही या झोताचा केंद्रबिंदू फारसा हलत नाही. वाटेत तीव्रता कमीच असल्यामुळे माध्यमाला ढवळाढवळ करायला वाव उरत नाही. ज्याला पारदर्शक पदार्थाच्या आत खोलवर नेमक्या जागी काम करायचे आहे, त्याच्यासाठी हा फरक निर्णायक आहे.

कोणताही आकार चालतो, असे मात्र नाही. भोवऱ्यासारखे वळण दिलेला झोत स्वकेंद्रीकरणात तुकड्यातुकड्यांत फुटतो, आणि हा आक्षेप खराच आहे. पण २०१६ मध्ये ओटावाच्या गटाने रुबिडियमच्या वाफेत दाखवले, की झोतातल्या प्रत्येक बिंदूपाशी ध्रुवीकरण वेगळे ठेवले तर तो अधिक काळ एकसंध राहतो. म्हणजे उणीव आकार देण्यात नव्हती, तो अपुरा देण्यात होती. गणिताची बाजू आपल्याकडेही जुनी आहे : सोधा, घटक आणि त्रिपाठी यांनी १९७४ मध्ये स्वकेंद्रीकरणावर ग्रंथ लिहिला. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही हर्माइट-कॉश-गॉसियन नावाच्या आकाराचा झोत प्लाझ्मात कधी मिटतो आणि कधी पसरतो, याचे गणित झाले. तेव्हा खरी अडचण गणिताची नाही, उपकरणांची आहे. झोताला हवा तो आकार देणारे द्रवस्फटिकी पडदे फार शक्ती सोसत नाहीत, म्हणून प्रखर झोतासाठी अनेकदा काचेत कोरलेल्या तबकड्या वापराव्या लागतात, आणि एका तबकडीतून एकच आकार निघतो.