पावसाळ्यात मोटार का अडते?

आषाढी चौदसीला चातुर्मास बसला म्हणजे साधु-साध्वीमहाराज एका क्षेत्री स्थिर होतात. आपणां संसारी व्यापाऱ्यांना मात्र त्याच चार महिन्यांत पेढी, गोदाम, उपाश्रय आणि प्रसंगी इस्पितळ यांच्या फेऱ्या चुकत नाहीत. नेमक्या याच दिवसांत सकाळी किल्ली फिरवावी आणि मोटारीने नुसते कण्हावे, हा अनुभव सुरतेतील पुष्कळ कुटुंबांना आला असेल. आम्ही यंत्रशास्त्र शिकलेले नाही. परंतु घाऊक धान्याच्या व्यापारात ओलीशी आमचे जन्माचे वैर आहे, आणि मोटारीचे हे दुखणेही त्याच जातीचे असल्यामुळे चार अनुभवाच्या गोष्टी बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

गोदामात दमट हवा सर्वच पोत्यांना सारखी लागते. पण प्रथम सादळते ते ज्याची शिवण उसवलेली आहे किंवा जे भिंतीला टेकलेले आहे तेच पोते. मोटारीचेही तसेच होय. सुस्थितीतील गाडी मुसळधार पावसातही सुरू होते. जी अडते, तिच्यात काहीतरी आधीच क्षीण झालेले असते आणि पाऊस ते उघडकीस आणतो.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडावी म्हणून कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टांचे १५ ते २५ हजार व्होल्ट, कधी त्याहूनही अधिक करते. एवढ्या दाबाच्या विजेला बारीकशी फटही पुरते. रबराला चीर गेली असेल, त्यावर धूळ बसली असेल आणि ती धूळ भिजली, तर वीज प्लगपर्यंत न पोहोचता वाटेतच इंजिनाच्या लोखंडात उतरते. आपल्याकडे डुमस-हजिऱ्याकडील समुद्राची खारी हवा येते. मिठाचा थर ओल धरून ठेवतो व गळती वाढवतो. अॅम्बॅसिडर, पद्मिनी यांसारख्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरचे झाकण व जाड तारा ही या दुखण्याची मुख्य ठिकाणे होती. झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसले की गाडी सुरू होई. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते, त्यामुळे उपद्रव कमी झाला. पण प्लगच्या खोबणीत पाणी साचले किंवा कॉइलचे रबर तडकले, तर जुनेच दुखणे नव्या जागी होते.

गाडी अडल्यास घाईने बॉनेट उघडण्यापूर्वी सेल्फचा आवाज ऐकावा. निम्मे निदान तेथेच होते.

पहिला प्रकार, सेल्फ फिरतच नाही, नुसते टक्-टक् होते किंवा अगदी मंद फिरतो. येथे संशय बॅटरीवर घ्यावा. पावसाळ्यात दिवे, वायपर व काचेवरील वाफ घालवणारा पंखा एकदम चालतात आणि घर ते बाजार एवढ्याशा फेरीत खर्चलेली वीज भरून निघत नाही. जमेपेक्षा खर्च अधिक झाला म्हणजे दिवाळे निघायचेच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट असल्यास ती भरलेली समजावी, १२.२ म्हणजे निम्मी. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसल्यास ती साफ करून तार घट्ट बसवावी. कित्येकदा तेवढ्यानेच काम होते.

दुसरा प्रकार, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, किंवा पेट घेऊन थरथरते. येथे ठिणगी किंवा इंधन यांपैकी एकात खोट आहे. एका वेळी ८-१० सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये; मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा. पेट्रोलचा उग्र वास आल्यास इंधन पोहोचते आहे, ठिणगी मात्र नाही, असे समजावे. किल्ली बंद करून प्लगच्या टोप्या व तारा कोरड्या कराव्या. डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याच्या नावाचा अर्थच पाणी हटवणे असा आहे. तो उपयोगी पडतो, परंतु ज्वालाग्राही असल्याने उडून जाईपर्यंत किल्ली फिरवू नये.

सी.एन.जी. गाड्या वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की या वायूला पेटण्यास अधिक जोरदार ठिणगी लागते. म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो व वायूवर अडखळतो. शिवाय यांतील पुष्कळ गाड्या प्रथम पेट्रोलवरच सुरू होतात, आणि टाकीत महिनोन्महिने तळाशी राहिलेले पेट्रोल दगा देते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओल शोषते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. यास्तव टाकी अगदी रिकामी ठेवू नये व पेट्रोल फिरते ठेवावे.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, किंवा पाण्यातून जाताना बंद पडली असेल, तर किल्लीला हातही लावू नये.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि तापीने अडाजण, रांदेर यांसह शहराचा फार मोठा भाग व्यापला. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखलाने माखलेल्या गाडीत बसलो आणि ‘पाहू तर खरे’ म्हणून किल्ली फिरवली. एकच धाडकन आवाज झाला व सारे थांबले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला व त्याचा दांडा वाकला. पुराने जे वाचवले होते ते आमच्या उतावीळपणाने गेले. अशी गाडी लोटून कोरड्या जागी न्यावी, बॅटरीची ऋण तार सोडवावी, आणि प्लग काढून पाणी बाहेर काढण्याचे काम मिस्त्रीवर सोपवावे. तेल दुधाळ दिसल्यास ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नये. पाणी गेलेले इंजिन आपण होऊन फिरवल्याने झालेली हानी साध्या विमा पॉलिसीत पुष्कळदा वगळलेली असते. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घ्यावे व त्याच्या अटी सही करण्यापूर्वी वाचाव्या.

ज्येष्ठ महिना सरण्यापूर्वी बॅटरी तपासून घ्यावी, जुने प्लग बदलावे, हवेचा फिल्टर पाहावा आणि काचेखालील पाणी वाहून जाण्याच्या मोऱ्यांतील पालापाचोळा काढावा. गाडीत धान्याचा दाणाही सांडू देऊ नये. उंदीर प्रथम दाण्यासाठी येतो व मग तारा कुरतडतो.

आणखी एक. पावसात मांजरे व त्यांची पिले उबेसाठी बॉनेटखाली आश्रय घेतात. किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्या व क्षणभर थांबावे. पाहून पाऊल टाकावे ही ईर्या समितीची शिकवण साधूंसाठी असली, तरी चाकांवर हिंडणाऱ्या श्रावकालाही ती लागू आहे. तो क्षणभराचा थांबा आम्हांस २००६ साली सुचला असता, तर जीवदयेबरोबर आमचे इंजिनही वाचले असते. लिहिण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.