आधी उतार, मग चढ

पुण्याहून सुटीत आला की माझा भाचा दर वेळी एकच टोमणा मारतो. "आत्या, तुमच्या इंदूरला पोहे आहेत, सराफा आहे, पण डोंगर कुठे आहेत?" स्वारी दर रविवारी सिंहगड चढते, त्यामुळे आवाजात थोडी मिजास असतेच.

प्रश्न चुकीचा नाही. इंदूरच्या गच्चीवरून पाहिले तर चारी बाजूंना सपाट दिसते. कारण सोपे आहे, आपण डोंगराच्या माथ्यावरच राहतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. दक्षिणेला सिमरोल आणि महूच्या पुढे माळव्याचे पठार एकाएकी संपते आणि विंध्य नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. मी मूळची सतवासची, म्हणजे त्या उताराच्या खालची. दिवाळीच्या खरेदीला कन्नोदवरून इंदूरला यायचो तेव्हा बस धापा टाकत घाट चढायची. आमच्यासाठी डोंगर वर होता, इंदूरकरांसाठी तो पायाखाली आहे. एवढाच फरक.

पण एका दिवसाची भटकंती ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. सिंहगडावर सकाळी ताज्या पायांनी चढता आणि दमल्यावर उतरता. आपल्याकडच्या बहुतेक वाटा आधी खाली दरीत नेतात. सकाळी मजेत उतरतो, धबधब्याशी बसून डबा खातो, आणि खरा चढ समोर येतो तो दुपारी एक वाजता, पोट भरलेले आणि बाटली रिकामी असताना. माझा हिशेब असा: उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरायचा, आणि तळाशी पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक ठेवायचे. हे मी एका एप्रिलमध्ये शिकले. सागाची पाने तोवर गळून गेलेली असतात आणि अख्ख्या चढावर सावलीचा तुकडा मिळत नाही. शेवटचा अर्धा तास मैत्रिणीने अक्षरशः हात धरून वर ओढले. तेव्हापासून मार्च ते जून मी दरीत उतरत नाही.

मग जायचे कुठे? घरात लहान मुले किंवा आजी-आजोबा असतील तर राळामंडळ. शहराला लागूनच आहे, 1989 पासून अभयारण्य आहे, आणि टेकडीवर होळकरांच्या काळातले शिकारगृह आहे. दोन-तीन तासांत सगळे घरी. जरा दम असेल तर महूच्या पुढचा जानापाव. उंची 850 मीटरच्या वर, चंबळ नदीचा उगम तिथलाच, आणि परशुरामांचे जन्मस्थान म्हणून लोकांची श्रद्धा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पण पायवाटेने जा, नाहीतर काय उपयोग. पावसाळ्यात मी जानापावच निवडते, कारण ती चढायची जागा आहे, उतरायची नाही.

काळाकुंडचे वेगळे आकर्षण म्हणजे मीटरगेज रेल्वे. या मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले होते. राजाने सरकारला, उलटे नव्हे! पाताळपाणी ते काळाकुंड अशी हेरिटेज गाडी डिसेंबर 2018 मध्ये सुरू झाली. ती त्या दिवशी आहे की नाही ते आधी बघून घ्या. काळाकुंडचा कलाकंद मात्र चुकवू नका.

आता पाण्याबद्दल, कारण ही गोष्ट मला खरोखर सांगायची आहे. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये भाच्याने एका रीलमध्ये पाहून सिमरोलकडचा एक धबधबा निवडला. मी नको म्हणाले, पण त्याचा चेहरा पाहून गेले. दरीत लख्ख ऊन होते. मुले कुंडात उतरली होती. तेवढ्यात शेळ्या चारणारे एक बाबा वरून ओरडले, "ऊपर आ जाओ, पानी आ रहा है।" भाचा हसला, आकाशात ढग तरी आहे का? मला मात्र पाण्याचा रंग बदललेला दिसला. काचेसारखे पाणी चहासारखे झाले होते आणि वर पालापाचोळा तरंगत होता. मी ओरडून सगळ्यांना वर काढले. पंधरा मिनिटांत आम्ही बसलो होतो तो खडक दिसेनासा झाला. पाऊस आमच्यावर नव्हे, वर पठारावर पडला होता. खडक काळा, सह्याद्रीसारखाच बेसाल्ट. पाणी मुरत नाही, थेट दरीत येते. पाताळपाणीला जुलै 2011 मध्ये असाच लोंढा आला आणि सहलीला आलेली माणसे वाहून गेली.

परतताना भाचा गप्प होता. त्याला मी धाराजीची गोष्ट सांगितली. सतवासच्या बाजूला नर्मदेवर धाराजीचा धबधबा होता, आणि भूतडी अमावस्येला तिथे मोठी जत्रा भरायची. 7 एप्रिल 2005 ला इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी जत्रेतल्या लोकांवर आले. साठहून अधिक माणसे गेली. आकाश तेव्हाही कोरडेच होते. मी शाळेत होते. पाडवा दोन दिवसांवर आला होता. आईने गुढी उभारली, पण त्या वर्षी श्रीखंड केले नाही. धाराजी आता ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली आहे.

त्या दिवसापासून जागा ठरवताना भाचा स्वतःच विचारतो, "आत्या, वाट पाण्यात उतरते का? वर पाऊस आहे का?" पावसाळ्यात प्रशासन काही धबधब्यांजवळ जायला बंदी घालते, तेव्हा तो आता कुरकुर करत नाही. मुलगा मोठा झाला म्हणायचे.

या डिसेंबरात त्याला देवास जिल्ह्यातल्या कावडिया पहाडावर न्यायचे आहे. उदयनगरकडच्या जंगलात पाच-सहा बाजूंचे दगडी खांब एकावर एक रचून ठेवल्यासारखे पडले आहेत. लोक म्हणतात, भीमाने आणून टाकले. भूगर्भशास्त्र म्हणते, लाव्हा थंड होताना आकसला आणि असा तडकला. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तशीच आहे. दगडावर दगड मारला की धातूसारखा नाद येतो. खाणेपिणे घरूनच न्यायचे. मी सकाळी सहाला निघायचे म्हणते, भाचा सातवर अडून बसला आहे.