अहमदाबादच्या बहिणी काबूलमध्ये

पिंपळगाव बसवंतच्या रोपवाटिकांत टोमॅटोची रोपे तयार करणाऱ्या आणि हंगामात द्राक्षे निवडणाऱ्या बायकांमध्ये आपल्याही भगिनी आहेत. हात कुशल, पण मजुरी ठरवतो दुसराच.

रोपवाटिका, शिवणकाम, फळप्रक्रिया आणि तयार मालाची विक्री हीच कामे भारताने २००८ पासून काबूलमधल्या १००० स्त्रियांना शिकवायला घेतली. बहुतेक युद्धात बेवा झालेल्या, काही यतीम मुली. पैसा भारत सरकारचा, शिकवण 'सेवा'ची. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत उभारलेली ही कष्टकरी स्त्रियांची संघटना. वर्ग भरत ते बाग-ए-जनानात, म्हणजे फक्त स्त्रियांसाठी राखलेल्या बागेत.

वर्षानुवर्षे मदत घेणारा आपला देश आता देणाराही झाला आहे. हेरातचे सलमा धरण आणि काबूलची संसद भारताने बांधून दिली. धरणाचे मोल कोण नाकारील? पण परद्यातल्या बेवेच्या दारापर्यंत इंजिनियर पोहोचत नाही. तिथे बाईच हवी, तीही कष्टाचे मोल जाणणारी. म्हणून आम्हाला ही छोटी मदत मोठी वाटते.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले. डिसेंबर २०२२ मध्ये अफगाण स्त्रियांना स्वयंसेवी संस्थांत काम करण्यासही बंदी झाली.

पिंपळगावात अशी बंदी नाही. टोमॅटोचा भाव पडतो तेव्हा सॉस करून विकण्याचे शिक्षण आपल्या बचत गटांनी का मागू नये? अहमदाबाद काबूलपेक्षा पुष्कळ जवळ आहे.