दहा ग्रॅमचा धागा

चालताना चपलेत खडा शिरला तर तुम्ही काय करता? थांबता, चप्पल झटकता आणि पुढे जाता. पंधरा-वीस वर्षे मधुमेह असलेल्या एखाद्या आजोबांच्या चपलेत तोच खडा संध्याकाळपर्यंत राहू शकतो आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

रक्तात साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. सर्वांत लांब तंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, जवळजवळ एक मीटर. पहिला फटका त्यांनाच बसतो. वेदना नाहीशी झाली म्हणजे माणूस लंगडतही नाही. चवड्याच्या त्याच जागी दर पावलाला दाब पडत राहतो आणि व्रण होतो. रक्तपुरवठा अपुरा असेल तर तो चिघळतो. घोट्याच्या वरून पाय कापावा लागलेल्या मधुमेही रुग्णांपैकी निम्मे किंवा अधिक पाच वर्षांत दगावतात, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. (त्यांतले बरेच हृदयविकाराने जातात, पाय बिघडतो तेव्हा रक्तवाहिन्या सगळीकडेच बिघडलेल्या असतात.)

मग संवेदना गेली हे व्रण होण्याआधी ओळखायचे कसे? बोटाने दाबून पाहावे, तर दर वेळी बल निराळे! येथे आपले भौतिकशास्त्र उपयोगी पडते. नायलॉनचा धागा उभा धरून त्वचेवर दाबा. क्षणभर तो ताठ राहतो, मग एकाएकी वाकतो. वाकल्यावर हात आणखी थोडा खाली नेला तरी टोकाचे बल फारसे वाढत नाही. म्हणजे डॉक्टरांचा हात हलका असो वा जड, त्वचेवर तेवढेच बल पडते. या बलाचे गणित ऑयलरने १७४४ साली मांडले : ते जाडीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. तपासणीचा धागा दहा ग्रॅम-भाराला, म्हणजे सुमारे ०.१ न्यूटनला, वाकतो.

या धाग्याची वाट कुष्ठरोगाकडून आली. शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लूरला आले. कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप सडत नाहीत, वेदना नसल्यामुळे ती इजा होऊन झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तोच विचार मधुमेही पायांना लागू झाला. तेथेच बर्क व सिम्स यांना १९८६ साली आढळले की, तळपायाला व्रण झालेल्यांना दहा ग्रॅमचा धागा जाणवत नाही.

तपासणी दोन-तीन मिनिटांची. रुग्णाने डोळे मिटायचे. धागा अंगठ्याला व चवड्याला, घट्टे टाळून, टेकवायचा. जाणवला नाही तर त्या माणसाने अनवाणी फिरू नये, पाणी कोपराने तपासून मगच त्यात पाय घालावा आणि रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल, नजर अधू असेल, तर हे काम नातवंडाचे.

धाग्याचा गुण तुम्हीही पाहू शकाल. मासेमारीची जाड तंगूस पेन्सिलीला चिकटपट्टीने बांधा, तिचे मोकळे टोक इलेक्ट्रॉनिक तराजूवर दाबा आणि ती वाकताना आकडा वाचा. मोकळी लांबी निम्मी करून पुन्हा वाचा. आकडा सुमारे चौपट यावा. मात्र या तंगुशीने कोणाचे पाय तपासू नका. दवाखान्यातला प्रमाणित धागासुद्धा लागोपाठच्या वापराने मऊ पडतो. दहा-एक रुग्ण झाले की त्याला दिवसभर विश्रांती द्यावी लागते.