सिकलसेलच्या मुलांना सवंगडी हवेत

इंदोरा, टेका, लष्करीबाग, रामबाग, नागपूरच्या कुठल्याही बौद्ध वस्तीत जा, सिकलसेल हा शब्द नव्याने सांगावा लागत नाही. कोणाच्या ना कोणाच्या नात्यात ‘एसएस पॅटर्न’चा पेशंट असतोच. पण त्याच्याबद्दल बोलताना आपण रक्त, सलाईन आणि गोळ्या यांच्यापुढे जात नाही. त्या पोराला दोस्त किती आहेत, असे कोणी विचारत नाही. वॉर्डात ड्युटी करताना आम्ही हेच पाहिले आणि आता वस्त्यांमध्ये फिरताना तेच पाहतो. दुखणे चार दिवसांनी ओसरते. मधल्या काळात तुटलेली मैत्री मात्र पुन्हा जुळत नाही.

ती तुटते कशी, ते समजायला आधी आजार समजून घेऊ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. मग हाडे, सांधे, छाती, पोट असह्य दुखते. थंडी, ताप, अतिश्रम, पाणी कमी पिणे ही याची नेहमीची कारणे. म्हणजे नागपूरचा मे महिना वाईट आणि डिसेंबरची पहाटही वाईट.

आता शाळेतले पोर डोळ्यांपुढे आणा. आठवडाभर शाळा बुडते. परत येते तेव्हा दिसायला धडधाकट असते. पाय तुटलेला नाही, डोळ्यांनी दिसते, कानांनी ऐकू येते. मग मास्तर म्हणतात कामचुकार आहे, पोरं म्हणतात नाटक करते. कबड्डीच्या संघात कोणी घेत नाही. घरी आई भीतीपोटी म्हणते, ‘खेळू नको, घरीच बस.’ असे चार-पाच वर्षे झाले की पोर स्वतःच म्हणायला लागते, मला कोणात मिसळायला आवडत नाही. आमच्या मते हे त्याच्या स्वभावातून आलेले नसते. आपण सगळ्यांनी मिळून ते घडवलेले असते. काहींच्या खुब्याचे हाड पुढे रक्ताअभावी खराब होते आणि चाल लंगडी होते. तेव्हा कुठे लोकांना त्रास दिसतो.

न दिसणारे हे अपंगत्व कायद्याने मान्य केले आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे आणि सिकलसेल त्यात आहे. प्रमाणपत्र काढायला घरचे लोक कचरतात, पोरीला तर मुळीच काढू देत नाहीत. ‘शिक्का बसेल’ म्हणतात. शिक्का न काढताही बसलेलाच असतो, फक्त हक्क मिळत नाही. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत 5 टक्के राखीव जागांवर दावा करता येतो. आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या पेपरला सिकलसेलच्या विद्यार्थ्याला दर तासाला 20 मिनिटे जादा मिळतात. एसटीत सवलत आहे, संजय गांधी निराधार योजनेतही या पेशंटचा समावेश आहे. एक उणीव मात्र मोठी. याच कायद्यातल्या 4 टक्के सरकारी नोकरीच्या आरक्षणात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. हा प्रश्न एकेकट्या घराने सुटणारा नाही.

एकत्र येण्याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, पेशंट आणि पालकांना एका ठिकाणी आणले, शासनाकडे मागण्या लावून धरल्या. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्येच केली होती. वैद्यकीय नोंद होऊनही पेशंट घराघरांत एकेकटाच पडला होता. सोसायटीसारख्या कामाने हे बदलते. आपल्यासारखाच दुसरा कोणी आहे आणि तो कॉलेजात जातो, कमावतो, हसतो, हे पाहिल्यावर पंधरा वर्षांच्या पोराला जे मिळते ते कोणत्याही गोळीत नाही.

मग वस्तीत काय करता येईल? आमचा अनुभव असा की मोठ्या कार्यक्रमाने काही होत नाही. महिन्यातून एकदा रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास चार-पाच सिकलसेल घरे बसली तरी पुरे. पहिल्या वेळी फक्त आयाच बोलतात, पोरं मोबाईलमध्ये डोके घालून बसतात. बसू द्या. एक कॅरम ठेवा. कॅरम, बुद्धिबळ, तबला, चित्रकला यांत धाप लागत नाही आणि हरणारा रागावला की ओळख आपोआप होते. हलका खेळही चालतो, फक्त मध्ये थांबायची मुभा आणि हाताशी पाण्याची बाटली हवी. 14 एप्रिलच्या जयंती समितीत अशा पोराला हिशेबाचे किंवा माईकचे काम द्या. मिरवणुकीत दिवसभर उन्हात नाचवू नका, पण घरीही बसवू नका.

शाळेत आईने जून महिन्यातच वर्गशिक्षकांना भेटून तीन गोष्टी सांगाव्यात: पाणी प्यायला आणि लघवीला वर्गाबाहेर जाऊ द्या, थंडीत स्वेटर काढायला लावू नका, गैरहजेरीतली वही एका मित्राकडून मिळू द्या. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. वही घेऊन मित्र घरी आला की आठवडा वाया जात नाही. आणि हो, हा आजार लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, मिठी मारल्याने काही होत नाही.

लग्नाचे बोलणे निघाले की लपवाछपवी सुरू होते. दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’ असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर मूल आजारी होत नाही, फार तर वाहक होते. म्हणून तपासणी मुलामुली दोघांचीही लग्न ठरण्याआधी करावी. केवळ मुलीचा रिपोर्ट मागणाऱ्या घराला मुलाचाही मागा. वाहक असणे हा आजार नाही आणि आजारी असणे हा कोणाचा दोष नाही.

मित्रांना थोडी माहिती द्याच. डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सीयुरिया तो रोज घेत असेल तर दुखण्याचे झटके कमी होतात, म्हणून ‘घेतलीस का?’ एवढे विचारणारा एक मित्र फार उपयोगी. 101 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, छातीत दुखून धाप, अंगाची एक बाजू लुळी पडणे किंवा बोलणे अडखळणे, पोटाच्या डाव्या बाजूला अचानक फुगणे, गोळीने न थांबणारे दुखणे, यांपैकी काहीही झाले तर घरचे येईपर्यंत वाट पाहू नये. मित्रांनीच ऑटो करावा, मेडिकल किंवा मेयोच्या कॅज्युअल्टीत न्यावे आणि ‘हा सिकलसेलचा पेशंट आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगून कार्ड दाखवावे.