प्रवासाची शिदोरी

लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर त्याचे स्टेशन लागते. येथील कांद्याचा बाजार प्रसिद्ध आहे. पण आषाढी एकादशीच्या काही दिवस आधी येथे वेगळीच गर्दी होते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडते आणि लोणंदला मुक्कामाला येते. पालखीबरोबर लाखो माणसे पायी चालत असतात. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे.

आज दिंडीचे धान्य, भांडी आणि तंबू ट्रकमधून जातात. पूर्वी मात्र वारकरी आपली शिदोरी स्वतःच्या खांद्यावर, पडशीत घालून नेत असत. ज्याला तुम्ही उर्दूत ‘तोशा’ म्हणता, तीच मराठीतली ‘शिदोरी’. शिदोरी कमी पडली तर उपाशी राहावे लागते. जास्त झाली तर खांदे दुखतात. मग बरोबर काय घ्यावे? तुम्हीही कधी सज्जनगडाला किंवा अजिंक्यताऱ्याला पायी सहलीला जाल, तेव्हा हा प्रश्न तुमच्यापुढे येईलच.

अन्नाचे वजन वाढवते ते त्यातले पाणी. शंभर ग्रॅम कांद्यात पंच्याऐंशी ग्रॅमहून अधिक पाणी असते. शिजवलेल्या भातातही बहुतेक पाणीच असते. त्यामुळे 100 ग्रॅम भातापासून आपल्याला सुमारे 130 उष्मांक मिळतात. तेवढ्याच कोरड्या पोह्यांपासून सुमारे 350 आणि शेंगदाण्यांपासून तर साडेपाचशेहून अधिक मिळतात, कारण शेंगदाण्यात तेल असते. पाण्याचा दुसराही दोष आहे. ओले अन्न लवकर आंबते. सकाळी केलेली बटाट्याची भाजी उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत खराब होऊ शकते, आणि असे अन्न खाऊन रानात पोट बिघडले, तर तेथे दवाखाना कुठला?

आपल्या आज्या-पणज्यांना उष्मांक हा शब्द ठाऊक नव्हता, पण ही गोष्ट पक्की ठाऊक होती. त्या प्रवासासाठी दशमी करत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. ती मऊ राहते आणि साध्या भाकरीपेक्षा जास्त टिकते. सोलापूरकडची कडक भाकरी त्याहून पुढची. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी अगदी पातळ थापून भाजतात आणि मग पार कोरडी होईपर्यंत वाळवतात. ती पापडासारखी कुरकुरीत होते व कित्येक आठवडे टिकते. तिच्याबरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी असली की जेवण झाले. चटणीत ओले खोबरे मात्र घालू नका.

सातूचे पीठ तर प्रवासासाठीच जन्मले असावे! तुमच्या घरी त्याला सत्तू म्हणत असतील. गहू आणि डाळे भाजून ते दळतात. धान्य आधीच भाजलेले असल्याने पुन्हा चूल पेटवावी लागत नाही. पाण्यात कालवा, गूळ घाला आणि खा. अरबस्तानातील प्रवासीही खजुराबरोबर भाजलेल्या जवाचे पीठ नेत असत. त्याला ते ‘सवीक’ म्हणत. देश वेगळा, पण युक्ती एकच.

चूल पेटवता येणार असेल, तर पिठल्याची तयारी घरूनच करून न्या. बेसन मंद आचेवर खमंग भाजा. गार झाल्यावर त्यात मीठ, तिखट, हळद आणि जिरेपूड मिसळा. मुक्कामी पाणी उकळून त्यात हे पीठ हळूहळू सोडा व ढवळत राहा. पाच-सात मिनिटांत पिठले तयार होते.

आता एक हिशेब करू. एका दिवसासाठी कडक भाकरीचे 200 ग्रॅम, पोहे, शेंगदाणे आणि सातूचे पीठ प्रत्येकी 100 ग्रॅम, व गूळ 75 ग्रॅम घेतला. एकूण वजन झाले 575 ग्रॅम. त्यातून सव्वादोन हजारांच्या आसपास उष्मांक मिळतील. तेवढेच उष्मांक भातातून हवे असतील, तर सुमारे पावणेदोन किलो शिजवलेला भात न्यावा लागेल!

पण थांबा. कोरड्या अन्नाला पाणी लागते, आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. वाटेत विहीर किंवा नळ नसेल, तर अन्नातून काढलेले ओझे पाठीवर परत येते. म्हणून निघण्यापूर्वी वाटेत पाणी कोठे मिळेल, याची चौकशी करा. गडावरच्या टाक्यांतले पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकूनच प्या. उन्हाळ्यात चटणीचे तिखटही बेताचे ठेवा, नाहीतर तहान वाढते.

पावसाळ्यात वेगळी अडचण येते. कडक भाकरी दमट हवेत मऊ पडते आणि गुळाला पाणी सुटते. दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवा. प्रत्येक जेवणाची पुरचुंडी वेगळी बांधा आणि आधी लागणारी सर्वांत वर ठेवा, म्हणजे भर पावसात सगळी पिशवी उपसावी लागणार नाही.